पूजेला बसलेल्या लिंका

सत्र संपलं की लिंका परत करायच्या, असं आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, गंमत करतायत. मी हसले. ते हसले नाहीत.

"नोडी म्याडम," ते म्हणाले, "पुस्तक नेलं तर वापस द्यायला पाहिजे अल्वा? लिंक पण पुस्तकच आहे."

नोडी म्हणजे बघा, आणि अल्वा म्हणजे नाही का. हे दोन शब्द सोबत घेतल्याशिवाय त्यांचं मराठी वाक्य घराबाहेर पडत नाही. घराणं म्हैसूरच्या नजरबादचं. पूर्वज कुठल्याशा मराठी फौजेबरोबर खाली उतरले आणि परत जायचं राहून गेलं. आमच्या घरी अजून मराठीच बोलतात, असं ते अभिमानाने सांगतात, आणि ते जे बोलतात त्यातलं निम्मं कळायला मला बराच काळ लागला. मी जे बोलते त्याला ते पेपरातलं मराठी म्हणतात. आमची मातृभाषा एकच आहे, आणि त्या नात्यापायी आम्ही दोघांनी एकमेकांचं पुष्कळ सहन केलं आहे.

मी मूळची जळगावची. नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आले त्याला आता वीसेक वर्षं होतील. गोकुलममध्ये राहते, जिथं सकाळी रस्त्यावर भाजीवाल्यांपेक्षा खांद्यावर योगासनांची चटई टाकलेले परदेशी जास्त दिसतात. पहिली बरीच वर्षं मी फक्त कोणाची तरी मिसेस होते. आम्ही ज्यांच्याकडे जेवायला जायचो तिथं मला मुलांबद्दल आणि भरिताबद्दल विचारायचे. मग उशिरा का होईना, विद्यापीठात इतिहास शिकवायला लागले, तेही अतिथी प्राध्यापक म्हणून. अतिथी म्हणजे अशी व्यक्ती, जिला दरवर्षी सत्र तोंडावर आलं की यंदा बोलावतात की नाही याची वाट बघत बसावं लागतं. आपल्या घरी असा अतिथी आला तर आपण निदान चहा तरी विचारतो.

या शहरातल्या जुन्या बाजारपेठांच्या इतिहासावर मी एक ऑनलाइन कोर्स उभा केला होता. माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेली ही पहिली गोष्ट, म्हणून तिच्यावर माझा जरा जास्तच जीव. नोकरी करून, घर सांभाळून शिकू बघणाऱ्या लोकांसाठी तो होता. देवराज मोहल्ल्यातल्या सराफाकडे हिशेब लिहिणारा एक जण त्यात होता, एक नर्स होती, काही शाळामास्तर होते. सगळं ठीक चाललं असताना वरून फतवा निघाला. प्रत्येक ऑनलाइन कोर्सच्या साईटवर, प्रत्येक घटकाखाली, विद्यापीठाच्या ग्रंथालयातली पुस्तकं आणि लेख जोडलेले पाहिजेत. बाहेरची समिती ते बघणार आणि समाधान झालं नाही तर कोर्स बंद करणार. कोर्स बंद म्हणजे मीही बंद, कारण त्या कोर्सपलीकडे मला बोलावण्याचं विद्यापीठाकडे काही कारण नव्हतं.

मी कामाला लागले. विभागातल्या माझ्या खोलीत बसायचं, लेख शोधायचा, वरच्या पट्टीतला पत्ता उचलायचा, साईटवर चिकटवायचा, दाबून बघायचा. उघडला की खूश. थोड्याच दिवसांत मी सगळे घटक नवरीसारखे सजवून टाकले आणि विभागात दोन-तीन जणांना बोलावून दाखवलेसुद्धा. मग एका रविवारी घरी सोफ्यावर लोळत सहज एक लिंक दाबली, तर तिने माझ्याकडे डॉलरमध्ये पैसे मागितले. दुसरीनेही मागितले. तिसरी म्हणाली, तुमची वेळ संपली आहे. माझ्या वयाच्या बाईला हे असं तोंडावर सांगणं बरं नव्हे.

सोमवारी मी तणतणत लायब्ररीत गेले. ग्रंथपाल शांतपणे वर्तमानपत्रं काठीला अडकवत होते.

"विद्यापीठाच्या आवारात बसलात की ते लोक तुम्हाला घरचं समजतात," ते म्हणाले. "बाहेरून आलात तर आमच्या दारातून यायला पाहिजे. आमचं दार लावलेली लिंक वेगळी असते. लॉगिन करायचं, मग पुस्तक."

"हे मला आधी कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही कुठं विचारलं?"

यावर मी आवाज चढवला. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि वर्तमानपत्रं अडकवणं चालू ठेवलं.

त्यानंतरच्या सगळ्या लिंका त्यांनी स्वतः बनवून दिल्या. पण कशा, तर एका वेळी तीन. का, तर एका माणसाला एका वेळी तीनच पुस्तकं देण्याचा नियम आहे. मी म्हटलं, अहो, लिंक घेतल्याने कपाट रिकामं होत नाही, एकच लिंक शंभर जणांनी उघडली तरी ती जागेवरच असते. ते म्हणाले, नियम कपाटासाठी नाही, माणसासाठी आहे. एकदम सगळी नेली तर एकही वाचत नाहीत. मग मी तीन घेऊन जायची, चिकटवायची, परत यायची. या येण्याजाण्याला कंटाळून आमच्या विभागातल्या एका सरांनी अख्खं पुस्तक मोबाईलवर फोटो काढून साईटवर चढवलं. प्रत्येक पानावर त्यांचा अंगठा होता. ग्रंथपालांनी ते तासाभरात उतरवायला लावलं, आणि अंगठ्याबद्दल वेगळं बोलले.

हे सगळं करताना मला एक शंका मात्र आतून खात होती. हे वाचतंय कोण? साईटवर विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारायचं एक पान होतं. सत्र सुरू झाल्यापासून तिथं कोणी ओळ लिहिली नव्हती, अपवाद एकाने टाकलेल्या गौरी-गणपतीच्या शुभेच्छांचा. त्यांना मीच उत्तर दिलं होतं, पान अगदी उघडंबोडकं दिसू नये म्हणून. एकदा मी हे ग्रंथपालांना बोलून दाखवलं.

"माझ्या लायब्ररीत तरी कोण येतं म्याडम," ते म्हणाले. "पंख्याखाली झोपायला येतात. झोपू देतो."

ते हे तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. मला मात्र त्या दिवशी घरी येईपर्यंत वाईट वाटत राहिलं.

समितीने बघायची तारीख कळवली ती नेमकी नवरात्रातल्या अष्टमीची, सकाळची, ऑनलाइन. समितीतली माणसं दिल्लीकडची आणि कुठली कुठली. त्यांच्या लेखी तो साधा कामाचा दिवस. म्हैसूरला दसऱ्यात कुठलाच दिवस साधा नसतो, हे त्यांना कोण सांगणार? मी तर नाहीच, कारण अतिथीने यजमानांना तारखा सुचवायच्या नसतात. सुट्टी असली म्हणून काय झालं, मी घरून बोलेन, लिंका आहेतच, असा साधा हिशेब मी केला.

सप्तमीच्या आदल्या दिवशी ग्रंथपालांचा फोन आला. मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून समितीपुढे काय बोलायचं ते पाठ करत होते.

"म्याडम, उद्या लायब्ररीत सरस्वती पूजा. स्टाफमधल्या सगळ्यांचं एकेक पुस्तक ठेवतो. तुमचं कुठलं ठेवू?"

"माझी सगळी पुस्तकं तुमच्याच ताब्यात आहेत," मी म्हटलं. "त्या लिंकाच ठेवा पूजेला."

"सगळ्या?"

"सगळ्या. परवा समिती आहे, जरा पुण्य लागू द्या त्यांना."

"आयतु," ते म्हणाले, म्हणजे झालं समजा, आणि त्यांनी फोन ठेवला. मी स्वतःच्या विनोदावर खूश होऊन पुन्हा पाठांतराला लागले.

आता इथं मला आमच्या जळगावचं सांगायला हवं. आमच्याकडे दसऱ्याच्या सकाळी पाटीवर सरस्वती काढतात, वह्या-पुस्तकांना हळदकुंकू वाहतात, वर झेंडूचं फूल ठेवतात, आणि दुपारी श्रीखंड-पुरी खाऊन झोपतात. एका सकाळचा मामला. म्हैसूरला पुस्तकं सप्तमीला पूजेला बसवतात, आणि मग विजयादशमीपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नसतो. उघडायचं नाही, वाचायचं नाही. शाळकरी पोरांचा हा सगळ्यात आवडता धर्म. इतकी वर्षं इथं राहून मी हे ऐकून होते, पण शेजारच्या घरच्या पथ्यपाण्यासारखं. ते आपल्याला कधी लागू होईल असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

अष्टमीला सकाळी आंघोळ करून, बरी साडी नेसून, मी एकदा शेवटचं बघून घ्यावं म्हणून साईट उघडली. पहिल्या घटकातली पहिली लिंक दाबली. पांढऱ्या पानावर कानडीत दोन ओळी आल्या. मी कानडी वाचते, पण अक्षराला अक्षर लावत, तोंडातल्या तोंडात पुटपुटत. पुस्तकं पूजेला बसली आहेत. विजयादशमीला मिळतील.

दुसरी लिंक दाबली. तेच. तिसरी, चौथी, शेवटची. सगळ्या देवाघरी.

मी ग्रंथपालांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. नवरा म्हणाला, सणाचा दिवस आहे, पूजेत असतील. त्याच्याकडे मी ज्या नजरेने पाहिलं, ती बघून तो दूध आणायला निघून गेला. घरात दूध होतं. मी लॅपटॉप पिशवीत घातला, स्कूटर काढली आणि नजरबादच्या दिशेने सुटले.

दसऱ्यातल्या म्हैसुरात कुठूनही कुठंही सरळ जाता येत नाही. जो रस्ता माहीत असतो त्यावर पोलिसांनी अडथळे लावलेले असतात, आणि जो मोकळा असतो तो आपल्याला नको तिथं नेतो. दुसऱ्या दिवशी आयुधपूजा, म्हणून चौकाचौकात कोहळ्यांचे ढीग लागले होते आणि लोक रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून कोहळे निवडत होते. मी घाबरले होते, साधं सरळ घाबरले होते. नोकरी गेली तर घर चालायचं थांबणार नव्हतं. पण मी पुन्हा कोणाची तरी मिसेस होणार होते आणि लोक मला पुन्हा भरिताबद्दल विचारणार होते, हे मला नको होतं.

ग्रंथपालांच्या दारात त्यांच्या मिसेस रांगोळी घालत होत्या. मी त्यांना वहिनी म्हणते.

"बन्नी बन्नी, आत या," त्या म्हणाल्या. "ऊटा झालं का? गोंबे बघायला आलात अल्वा?"

जेवलात का आणि बाहुल्या बघायला आलात का, या दोन प्रश्नांना त्या दिवसांत नाही म्हणायची सोय नसते. मी काहीतरी पुटपुटत आत शिरले. बैठकीच्या खोलीत लाल कापड घातलेल्या पायऱ्यांवर नवरात्रातल्या बाहुल्या मांडल्या होत्या. लाकडी राजा-राणी, देवदेवता, खाली वाण्याचं दुकान, लग्नाची वरात, आणि का कोण जाणे, क्रिकेटची एक टीम. बाजूच्या पाटावर पितळेची छोटी सरस्वती होती. तिच्यापुढे समई, दुर्गेची एक पोथी, आणि पोथीशेजारी साईटच्या पहिल्या पानाचा छापलेला कागद. त्या पानावर वरच्या कोपऱ्यात माझा फोटो आहे. फोटोतल्या माझ्या कपाळावर कुंकवाचा ठसठशीत ठिपका होता आणि डोक्यावर शेवंतीचं फूल.

ग्रंथपाल सोवळं नेसून आतून आले.

"लायब्ररीला कुलूप असतं म्याडम, तिथं दिवा कोण लावणार," ते म्हणाले. "म्हणून तुमच्या लिंका आमच्या घरी आणल्या. लिंकांना वजन नाही, आणायला सोपं."

"अहो, पण बंद कशाला केल्या?"

"पूजेला बसवल्यावर मत्ते कोणी वाचायचं नसतं." मत्ते म्हणजे मग.

"ऑनलाइन आहेत त्या."

"सरस्वती वेगळी आहे का त्यांची?"

मी त्यांना सगळं सांगितलं. समिती थोड्या वेळात बसणार आहे. लिंका उघडल्या नाहीत तर कोर्स बंद होईल आणि पुढच्या वर्षी मला बोलावणार नाहीत. मी विनोद केला होता. तुम्ही फक्त एकदा चालू करा, मग पाहिजे तर दिवाळीपर्यंत बसवा. ग्रंथपालांचा चेहरा पडला. समितीचा दिवस तोच आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मी पुण्य लागू द्या म्हटल्यावर त्यांनी ते मनापासून केलं होतं. ते दोन-तीनदा त्या पाटाकडे बघून आले.

"आगोल्ला म्याडम," शेवटी ते म्हणाले.

आगोल्ला म्हणजे होणार नाही. म्हैसुरात आल्यावर मी पहिल्याच आठवड्यात गॅस सिलिंडरच्या निमित्ताने हा शब्द शिकले. त्याच्यापुढे अपील नसतं.

"सुम्ने, उगाच हट्ट म्हणून नाही सांगत," ते म्हणाले. "आमच्या घरात बसवलेलं उचललेलं नाही कधी. माझा जीव नाही व्हायचा."

तेवढ्यात वहिनी हरभऱ्याच्या उसळीच्या ताटल्या घेऊन आल्या. त्यांनी आमचं सगळं ऐकलं होतं.

"उचलायचं नाही, बरोबर," त्या म्हणाल्या. "पण देवीपुढं बसून वाचायला कोण नको म्हणतं? मी रोज ती पोथी तिथं बसूनच वाचते की. पारायण करायला पोथी उचलत नाही आपण."

ग्रंथपाल उभे राहून विचार करू लागले. उच्च न्यायालयातसुद्धा एखाद्या मुद्द्यावर इतका विचार होत नसेल. मी त्यांच्याकडे बघत होते आणि वहिनी मला उसळ खा म्हणत होत्या.

"लॅपटॉप चालेल," ते स्वतःशी म्हणाले. "यंत्रं उद्या बसतात. आज फक्त पुस्तकं." मग माझ्याकडे वळून, "इथं, देवीपुढं, माझ्या लॉगिनवर उघडतो. तुम्ही वाचा, समिती ऐकेल. बाहेर बंदच राहील."

अशा रीतीने माझी समितीसमोरची मुलाखत बाहुल्यांच्या सगळ्यात खालच्या पायरीवर झाली. लॅपटॉपला जागा करायला वाण्याचं दुकान सरकवलं. मी चटईवर मांडी घालून बसले, लॅपटॉपच्या मागे क्रिकेटची टीम, शेजारी समई. ग्रंथपाल चष्मा लावून माझ्या मागे बसले, पारायण नीट होतंय की नाही ते बघायला.

समितीत अध्यक्ष एक बाई होत्या. चेहरा असा की आयुष्यात त्यांना कोणी उसळ खा म्हटलं नसेल. आणखी एक गृहस्थ होते, त्यांनी कॅमेरा बंद ठेवला होता. मी स्क्रीन दाखवली, एकेक घटक उघडला, एकेक लेख उघडला. सगळं छान चाललं होतं. मी तर रंगात येऊन एका लेखातला परिच्छेद मोठ्याने वाचलासुद्धा, पारायणाच्या अटीत बसावं म्हणून. मग कॅमेरा बंद असलेल्या गृहस्थांचा आवाज आला. ते त्यांच्या घरून लिंक दाबून बघतायत आणि त्यांना वेगळ्याच लिपीत काहीतरी येतंय.

अध्यक्ष बाईंनी विचारलं, हे काय आहे?

मी खोटं बोलू शकले असते. नेटवर्कवर ढकललेलं काहीही या देशात खपतं. पण शेजारी समई होती, मागे ग्रंथपाल होते, आणि माझं डोकं दुसरं काही सुचण्याच्या अवस्थेत नव्हतं.

"पुस्तकं पूजेला बसली आहेत," मी इंग्रजीत म्हटलं. इंग्रजीत हे वाक्य फारच वाईट वाटलं.

"म्हणजे सर्व्हर बंद आहे का?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही, सर्व्हर ठीक आहे."

मग मी सांगितलं. सप्तमी, सरस्वती, विजयादशमी, सगळं. अध्यक्ष बाई काहीतरी लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"ते असो," त्या म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, हे तुमचे विद्यार्थी उघडून बघतात का? बहुतेक ठिकाणी कोणी बघत नाही. तुमच्याकडे काय आहे दाखवायला?"

माझ्याकडे काहीच नव्हतं. गौरी-गणपतीच्या शुभेच्छा होत्या. काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून मी प्रश्नांचं पान उघडलं, आणि तिथं ओळीच्या ओळी होत्या. आदल्या संध्याकाळपासूनच्या. पान खाली सरकवलं तरी संपेनात.

मॅडम, पुस्तक उघडत नाही. मॅडम, पूजा झाली का? मॅडम, पूजा आमच्या घरीपण आहे पण परीक्षा कोण देणार? सराफाकडे हिशेब लिहिणारा लिहीत होता की पुस्तकात दोन व्यापारी जातींचं पेठेवरून भांडण चाललं होतं, तो ते रोज रात्री जेवणानंतर थोडं थोडं वाचत होता, आणि नेमका निकाल लागायच्या पानाला पुस्तक बंद झालं. शेवटी पेठ कोणाला मिळाली एवढं तरी सांगा. आणि नर्सने लिहिलं होतं, दसऱ्यानंतर मला सलग ड्युटी आहे, मी या सुट्टीतच वाचणार होते, आता कधी वाचू?

अध्यक्ष बाईंनी मला ते सगळं एकेक करून इंग्रजीत सांगायला लावलं. पेठ कोणाला मिळाली, हेही त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या की बंद झाल्यावर इतकी ओरड होते म्हणजे वापर होतोय, आणि समितीला तेवढंच बघायचं होतं. कोर्स पुढच्या वर्षी चालू ठेवावा असं आम्ही लिहू. आणि ती सूचना इंग्रजीतही टाका. एवढं बोलून त्या गेल्या. कॅमेरा बंद असलेले गृहस्थ त्यांच्याआधीच गेले असावेत.

मला रडू आलं आणि ते लपवायला मी गारढोण उसळ खाऊ लागले. वहिनी म्हणाल्या, तिखट आहे का? मी मान हलवली. नोकरी राहिली होती. पुढच्या वर्षीही माझ्या दारावर माझं नाव राहणार होतं. मला घरी जाऊन नवऱ्याला त्याच्या दुधासकट माफ करायचं होतं. मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

"राहू द्या," ग्रंथपाल म्हणाले.

ते पुढे सरकले आणि ते पान वाचू लागले. सावकाश, चष्मा वरखाली करत, एकेक ओळ. शेवटपर्यंत वाचलं आणि पुन्हा वर गेले.

"हे सगळे माझ्या पुस्तकांचं विचारतायत?"

"हो."

"ही नर्सबाई कधी वाचणार मत्ते?"

"बघू दशमीनंतर," मी म्हटलं. "तिला मुदत वाढवून देईन."

"दशमीनंतर सुट्टी नाही लिहिलंय तिनं."

ते उठले, आत गेले, हातपाय धुऊन आले. पाटापुढे बसले, चिमूटभर अक्षता घेतल्या, डोळे मिटून काहीतरी म्हणाले, अक्षता माझ्या कुंकू लावलेल्या कागदावर टाकल्या आणि तो कागद बोटाने किंचित उत्तरेला सरकवला. गणपती उठवताना आपण मूर्ती हलवतो तसा.

"हे काय करताय?" मी विचारलं. "मघाशी माझी नोकरी जात होती तेव्हा आगोल्ला म्हणालात."

"तुमची नोकरी वेगळी म्याडम," ते म्हणाले. "यांना वाचायचं आहे."

"आणि लायब्ररीतली पुस्तकं?"

"कागदाच्यांचं दशमीलाच. त्यांना कोणी विचारलं नाही."

ते लॅपटॉपपुढे बसले आणि लिंका सगळ्यांसाठी चालू करायला एका बोटाने टाइप करू लागले. वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या, तर कागद सरकलेला, अक्षता पडलेल्या. त्या दारातच थांबल्या.

"अहो, हे काय? दशमी कुठं आली? संध्याकाळी आरतीला बसल्यावर देवीला काय सांगायचं मी?"

ग्रंथपालांनी मान वर केली नाही. त्यांचं बोट पुढचं अक्षर शोधत होतं.

"वाचक आलेत म्हणून सांग," ते म्हणाले.